आबांचा कान

आबा कांबळे आमच्याकडं आले की दार वाजवत नाहीत, दार तपासतात. मधल्या बोटाच्या पेरानं चौकटीवर दोनदा ठोकायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग आत येऊन सांगायचं, "सर, खालची बिजागरी सैल झालीया." ती सैल असतेच. मी नवी म्हणून घेतलेली स्कूटर त्यांनी अशीच ठोकली आणि पत्रा एकदा चेपून सरळ केलेला आहे, हे दुकानदाराच्या तोंडावर सांगितलं. दुकानदार आधी तापला आणि मग चहा मागवू लागला.

आबांनी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तीस वर्षं काढली. ओतलेला माल थंड झाला की एकेका नगावर छोटी हातोडी मारून बघायची, हे त्यांचं काम. चांगला नग टण्ण बोलतो, आत चीर असेल तर ठप्प. रिटायर झाले तरी कंपनी दर शनिवारी त्यांना बोलावून घ्यायची, कारण तो माल ट्रकच्या ब्रेकला जायचा. "मशीन चुकंल, पर ह्यो कान चुकायचा न्हाय," आबा सांगायचे. "कान गेला तर आबा गेला. मागं ऱ्हाती ती निस्ती प्यांट."

आणि कान चाललाच होता. फौंड्रीच्या दणदणाटानं तो आयुष्यभर थोडाथोडा खाल्ला होता. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण संध्याकाळच्या बातम्या आम्ही आबांच्या टीव्हीवर आपापल्या घरात बसून ऐकायचो. डॉक्टरांनी कानाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. आबांनी त्यांचं टेबल ठोकून पाहिलं, "प्लायवूड पोकळ हाय," एवढंच म्हणाले आणि घरी आले.

दोन हजार पाचच्या सुमारास मस्कतच्या जावयानं त्यांना गाणी भरलेला एक छोटा प्लेअर आणि भारीतले इअरफोन पाठवले. कानाच्या आत जाऊन बसणारे, सोबत रबरी टोप्यांचे तीन जोड. पहिल्याच दिवशी आबांनी निकाल दिला, "बेस हाय, पर वरचा सूर न्हाय. टाळ कुठं हायत ह्यात?" मी लावून पाहिलं. भजनातले टाळ इतके लख्ख होते, की वाजवणारा शेजारी बसलाय असं वाटलं. पण आबांच्या चेहऱ्याकडं बघून मी म्हणालो, "वायर जरा हलकी वाटते." पुढं वर्षभर मी त्या बिचाऱ्या वायरीलाच दोष देत राहिलो.

मग आबांनी फिटिंगचा विषय हातात घेतला. "बसायला पायजे घट्ट, फटीतनं सूर पळतोय." तत्त्व बरोबरच होतं. माणसाचे दोन कान सारखे नसतात, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी मेणानं स्वतःच्या आणि माझ्या कानांचे ठसे घेतले, त्यावरून साचे केले आणि काचा चिकटवायच्या रबरी लुकणाचे गट्टू ओतले. चाचणी अर्थातच माझ्यावर. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून फौंड्रीत साचा जरा मोठा धरतात. त्या सवयीनं आबांनी माझा कानही मोठा धरला. रबर काही आकसलं नाही. गट्टू कानात गेला तो अडकलाच. शेवटी आबांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, खोबरेल सोडून केसाच्या पिनेनं तो बाहेर काढला, आणि आबा शांतपणे म्हणाले, "दोन सूत जास्ती झालं."

बाहेरचा आवाज किती अडतो, याचीही त्यांची परीक्षा होती. इअरफोन घालून ते खुर्चीवर डोळे मिटून बसायचे आणि काकूंनी चांदीच्या कामासाठी नावाजलेल्या हुपरीचे पैंजण घालून मागून चालायचं. काही ऐकू आलं नाही, की फिटिंग पास. मग इअरफोन काढायचे आणि काकूंनी पुन्हा चालायचं. आता मात्र छुमछुम ऐकू यायला हवी. ती कमी कमी यायला लागली तेव्हा दोष पैंजणांवर आला. "घुंगरं बसली. हुपरीवाल्यानं फसवलं तुला. जाऊन बदलून आण."

काकू खरंच एसटीनं हुपरीला गेल्या. परतल्या तेव्हा मी आबांकडंच बसलो होतो. सोनारानं पैंजण हलवून पाहिले आणि यात काही बिघाड नाही म्हणून परत दिले, हे त्यांनी, मी दार उघडायला गेलो तेव्हा, मला हळू आवाजात सांगितलं. आत पाऊल टाकतात तोच आबा त्यांना पाहून डोळे मिटत म्हणाले, "आलीस? चाल बघू."

काकू गोंधळल्या आणि तशाच चालल्या. पैंजण अजून हातातल्या पिशवीत होते.

आबा कान देऊन ऐकत होते. मग त्यांचा चेहरा खुलला. "आता कसं! खणखणीत. केलं बघ दुरुस्त." एवढ्या उन्हात बायको हुपरीला जाऊन आली, तिचा हेलपाटा त्यांना वाया जाऊ द्यायचा नव्हता.

काकू म्हणाल्या, "व्हय, चांगला सोनार हाय त्यो." आणि त्यांचा आवाज फुटला.

त्या चिरक्या आवाजानं असेल, आबांनी डोळे उघडले. काकूंचे पाय पाहिले, मग पिशवी पाहिली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. वर्षभर मारलेल्या थापांची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"पिशवीत हायत न्हवं?" आबांनी विचारलं.

"हायत."

"घाल."

काकूंनी उंबऱ्यावर बसून पैंजण घातले आणि खोलीभर चालल्या. आबा बघत होते. इतकी वर्षं त्यांनी मला फक्त सांगितलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "सर, वाजत्यात?"

"वाजतायत, आबा. छान वाजतायत."

"ब्येस." त्यांनी इअरफोनची वायर नीट गुंडाळून डबीत ठेवली. "शनवारी कंपनीत सोडा मला. सांगून येतो, आता दुसरा कान बघा म्हणून. ब्रेकचा माल हाय."

मी हो म्हणालो. काकू काही काम नसताना स्वयंपाकघरात गेल्या, पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. आबा त्यांच्या पायांवरची नजर काढत नव्हते.