खांबेट्यांची निळी ज्योत

खांबेट्यांच्या घरी गेलं की ते पाणी विचारत नाहीत, हातात ब्रश देतात. दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याची वाटी. "आल्झो," म्हणजे 'हं, तर', "गॅसच्या नळीच्या सांध्यावर फिरवा. बुडबुडा दिसला तर सांगा." आपण संकोचून म्हणावं, "अहो खांबेटे, तुम्ही बघितलं असेलच की." त्यावर ते चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "माझ्यावर विश्वास ठेवू नका."

हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणतात. आम्ही जर्मनीत, न्युरेम्बर्गला एकाच कंपनीत. मी इंजिनच्या विभागात, ते इतरांची ड्रॉइंग्ज तपासणार. स्वतःचं ड्रॉइंगसुद्धा ते दुसऱ्याकडून तपासून घेतात आणि चूक सापडली तर त्याला केक खाऊ घालतात.

इथे आम्हा सगळ्यांच्या घरी काचेच्या इलेक्ट्रिक शेगड्या. त्यांवर फुलका फुगत नाही आणि वांगं तर नुसतं घाम गाळतं. खरी ज्योत एकट्या खांबेट्यांकडे. गेल्या एप्रिलमध्ये मिळालेली घरमालकिणीची लेखी परवानगी त्यांनी स्वयंपाकघरात चौकट करून लावली आहे. गॅसची बाटली, म्हणजे सिलिंडर, बाहेर टेरेसवर, नळी भिंतीतून आत. तळघरात बाटली का ठेवू नये, हे ते आल्यागेल्याला सांगतात. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो. हे व्याख्यान मी निदान वीस वेळा ऐकलं असेल.

तर दर शनिवारी आमच्यातली पाच घरं वांगी घेऊन खांबेट्यांकडे. शिवाय मी आणि माझी बायको मंजू. येताना म्हणायची, "अरे, माणूस एकटा राहतो, पण घर कसं भरलेलं असतं बघ." खांबेटेवहिनी सासूबाईंच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. आमच्याकडे दोन माणसं, आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, आणि शनिवारी त्यावर इस्त्रीचे कपडे. मला खांबेट्यांचा हेवा वाटायचा. स्पष्टच सांगतो, पोटात दुखायचं. भरीत दोनदा वाढून घेताना जास्तच दुखायचं.

ऑक्टोबरमध्ये टेरेसवर उभा असताना मी बाटलीवरचं लेबल वाचलं. ब्यूटेन! आता, ब्यूटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपास होईनासा होतो, बाटलीत नुसता द्रव पडून राहतो. थंडीत प्रोपेनच हवा. मी इंजिनवाला, मला हे कळायलाच हवं. पुण्याच्या ओट्याखाली सिलिंडर बघत वाढलेल्या खांबेट्यांना सुचलं नसेल. नळीचा सांधा न् सांधा तपासणाऱ्या माणसाने थंडी तपासली नव्हती. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. मी स्वतःशी हसलो आणि आत जाऊन चहा प्यायलो.

चंपाषष्ठीला बाहेर उणे चार. चौदा माणसं जमलेली, ओट्यावर तेल चोपडलेली आठ वांगी. पहिलं वांगं अर्धं भाजलं आणि ज्योत आक्रसायला लागली. बघता बघता पणतीएवढी झाली, मग विझली. कुणीतरी म्हणालं, बाटलीवर गरम पाणी ओता. खांबेटे दारात आडवे उभे राहिले. "नाही. बाटलीला ऊब द्यायची नाही. वांगी राहिली तरी चालतील."

मी घसा साफ केला. "चला, आमच्याकडे ओव्हन आहे."

सगळे निघाले. आठही खुर्च्या भरल्या, उरलेले जमिनीवर बसले. ओव्हनमधलं भरीत उकडल्यासारखं लागत होतं, पण मी यजमान होतो, मला ते अमृत लागलं. खांबेटे आले नाहीत. "सांधे तपासतो," म्हणून मागे राहिले. पुढचे तीन शनिवार मंडळी आमच्याकडेच. ब्यूटेन म्हणजे काय ते मी प्रत्येकाला हातवारे करून समजावलं. मंजू म्हणाली, "तुला एवढं माहीत होतं, तर त्यांना आधी का नाही सांगितलंस?" मी टेबल पुसायला घेतलं.

चौथ्या शनिवारी सकाळी खांबेट्यांचा फोन. "प्रोपेन करून घेतलंय. तपासायला येता?"

गेलो. त्यांनी स्वतः पान्याला हात लावला नव्हता. परवान्याचा गॅसवाला बोलावला होता. त्याने शेगडीखालची पट्टी वाचून कुठला गॅस आणि किती दाब चालतो ते पाहिलं, जेट, रेग्युलेटर, नळी बदलून दिली, ज्योत जुळवली. मग खांबेट्यांनी त्याच्याही हातात ब्रश दिला म्हणे. आता माझी पाळी होती. मी मनापासून तपासलं. एक, एवढासा बुडबुडा मिळाला असता तर मला फार बरं वाटलं असतं. नाही मिळाला.

"पेटवा," मी म्हणालो.

"आत्ता कशाला? जेवायला कोण आहे?"

त्यांनी दूध काढायला फ्रिज उघडला. आत पावाचं पाकीट, चीज, दुधाचा डबा, बाकी काही नाही. "एकट्यासाठी मी शेगडी लावत नाही," ते म्हणाले. "ब्रोटवर, पावावर भागतं. आणि वांगं तर मला चालतच नाही, अंगाला खाज सुटते."

एप्रिलपासून हा माणूस आम्हाला वांगी भाजून देत होता आणि भरीत वाढल्यावर स्वतः उभा राहून इतरांची पानं बघत होता. मला वाटायचं, रुबाब करतो.

मला राहवलं नाही. "खांबेटे, मला ऑक्टोबरमध्येच माहीत होतं. ब्यूटेन चालणार नाही हे."

"गेनाऊ, बरोबर," ते म्हणाले. "तुम्ही लेबल वाचून हसलात, ते मी खिडकीतून बघितलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण म्हटलं, तपासणाऱ्यालाच काही येत नाही असं मंडळींना वाटलं, तर ती वांगी दुसरीकडे नेतील." मग वाटीतलं साबणाचं पाणी मोरीत ओतत हळूच म्हणाले, "तशी नेलीच."

तिथेच उभं राहून मी पाचही घरी फोन केले. आज संध्याकाळी खांबेट्यांकडे, वांगी आणा, आमच्याकडे येऊ नका. शेवटच्या घरच्या वहिनी फोनवर म्हणाल्या, "अय्या, पेटली का त्यांची? बरं झालं बाई, त्या ओव्हनच्या भरताला कंटाळलो होतो." माझ्या पोटात दुखलंच. तरी मी म्हणालो, "लवकर या. ते वाट बघतायत."