वास्तुशांत, आमच्याच घरी

"घर विकायला अक्कल लागत नाही. विकून त्यातच राहायला लागते!"

हे वाक्य लीलाधर अण्णांनी चौकातल्या चहाच्या टपरीवर इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते येताना दिसले की टपरीवाला आपला रेडिओ मोठा करायचा.

पण तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या अण्णांचा बेत खरोखर झकास होता! बहादरपूरच्या केळीवाल्या निंबा पाटलांना घर विकायचं, पैसा बँकेत टाकायचा आणि त्याच घरात किरायानं राहायचं. तोच झोका, तीच विहीर, तोच कढीपत्ता! रजिस्ट्री झाली. किरायानाम्यावर मात्र निंबाभाऊंची सही व्हायची होती. ती झाली नाही, तर उरलेलं आयुष्य इंदूरला, मुलाच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर काढावं लागणार होतं. आणि सोफा अण्णांपेक्षा आखूड होता.

"निंबाभाऊ, सही?"

"करू नं अण्णा. आधी वास्तुशांत होऊ द्या."

"कुठली वास्तुशांत?"

"नवीन घर घेतलं आम्ही. करावी लागंल नं?"

"अहो, नवीन कुठलं? आम्ही राहतोय त्यात!"

"राहा नं! तुम्हालाही आमंत्रण आहेच." निंबाभाऊंनी अण्णांच्या हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका ठेवली आणि ते निघून गेले. 'सहकुटुंब, सहपरिवार अवश्य यावे.' खाली पत्ता. पत्ता अण्णांचाच!

"हा माणूस मला माझ्याच घरी बोलावतोय!" अण्णा गरजले.

"त्याच्या घरी," वैजयंतीबाई म्हणाल्या. अण्णांच्या या बायकोला नेमकं बोलायची वाईट सवय होती.

वास्तुशांतीच्या दिवशी बहादरपूरहून ट्रॉल्या भरभरून माणसं आली. भटजींनी फर्मान काढलं, "घर रिकामं करा! आधी मालक आत जातील, मग पाहुणे." अण्णा आणि वैजयंतीबाई फाटकाबाहेर उभे राहिले. वैजयंतीबाईंच्या हातात स्टीलचा डबा होता.

"हे काय?"

"आहेर. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं का?"

अण्णांचं नाक शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं फुरफुरू लागलं. आत वैजयंतीबाईंच्या लखलखीत शेगडीवर दूध उतू घातलं गेलं, आणि ते खाली ओघळल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या! शेवटी निंबाभाऊंच्या मथुराबाई दारात आल्या. हात जोडून हसून म्हणाल्या, "या नं अण्णा, या! लाजू नका. आपलंच घर समजा!"

वैजयंतीबाईंनी वेळीच अण्णांचा दंड धरला. "सही," त्या कानात पुटपुटल्या. "सोफा."

अण्णा आत जाऊन बसले. झोक्यावर निंबाभाऊंचे साडू दत्तात्रय आधीच पसरले होते. या साडूंना गाडी दाखवली की ते टायरला लाथ मारत, आणि घर दाखवलं की भिंतीला बुक्की. त्यांनी उठून बुक्की मारली.

"पोकळ आहे."

अण्णांनी ओठ चावला.

साडूंनी दुसरी भिंत ठोकली. "ही तर बम पोकळ! फसलास रे निंबा! हे कोणी बांधलं? त्याला आधी गुरांचा गोठा तरी बांधता येत होता का?"

"ओ साडूभाऊ!" अण्णा फुटलेच. "हात काढा! घर आहे ते, टरबूज नव्हे! मे महिन्यात सारं बुऱ्हाणपूर भाजून निघतं, तेव्हा या खोलीत पांघरूण लागतं, पांघरूण! विहिरीचं पाणी असलं गोड, की डाळ लाजून शिजते! संध्याकाळी ताप्तीवरचा वारा पत्ता विचारत या खिडकीत येतो! इच्छापूरपर्यंत शोधा, असं घर सापडायचं नाही! इथं राहायला नशीब लागतं!"

निंबाभाऊ किरायानाम्यावर सही करायला पेन उघडून बसले होते, ते तसेच थांबले.

मथुराबाई म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? मग एवढं नशीब दुसऱ्याला किरायानं काहून द्यायचं? आपणच येऊ नं राहायला!"

निंबाभाऊंनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं.

"म्हणजे तसं," अण्णा घाईघाईनं म्हणाले, "गोड म्हणजे अगदीच गोड नाही पाणी. एप्रिलात विहीर आटते. वाऱ्याबरोबर धूळ येते. आणि पावसाळ्यात स्वयंपाकघर गळतं. छत्रीखाली पोळ्या लाटाव्या लागतात. विचारा हिला!"

"लाटते," वैजयंतीबाई म्हणाल्या. "छत्री मात्र यांनी एकदाही धरली नाही."

"थापा!" मथुराबाई म्हणाल्या. "आम्ही येऊ नये म्हणून थापा मारता!"

"थापा? मी?" आता मात्र अण्णांचं डोकं पार फिरलं. त्यांनी ताडकन उठून भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं. "ही बघा ओल! तुम्ही घर बघायला येणार होता ना, त्या सकाळी मुद्दाम लावलं होतं मी हे!"

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की आपण काय बोललो हे त्यांना सर्वांत शेवटी कळलं. तेवढ्यात ओलीचा भलामोठा पोपडा सुटला आणि खाली ठेवलेल्या वरणाच्या पातेल्यात धप्पकन पडला.

"मी म्हटलं होतं!" साडू आनंदानं ओरडले.

"लपवलं तुम्ही!" निंबाभाऊ लालबुंद झाले. "विकताना लपवलं!"

"कॅलेंडर उचलून बघायचं होतं! घर घेता की मेथीची जुडी?"

"मेथीची जुडीसुद्धा उलटी करून दाखवतात!"

"या पडक्यात मी पाऊलही टाकणार नाही!" मथुराबाई घराच्या मधोमध उभ्या राहून किंचाळल्या.

"मग कोण राहील इथं? कुत्रं तरी राहील का?" निंबाभाऊंनी सगळ्यांना विचारलं.

अण्णांनी हळूच हात वर केला.

निंबाभाऊंनी पेन काढलं आणि सही अशी काही हाणली, की कागद फाटून सतरंजीवरही थोडी उमटली. "घ्या! राहा! ओल तुमची, पोपडे तुमचे, गळती तुमची! तक्रार घेऊन बहादरपूरला आलात, तर केळीच्या बागेत पुरून टाकीन!"

अण्णा जिंकले होते! वरण-बट्टीची पंगत कशीबशी उरकली. माणसं ट्रॉल्यांत चढू लागली. मथुराबाई जाता जाता साडूंना म्हणाल्या, "व माय, काय हे खोपट!"

अण्णांची छाती फुगली. "खोपट? कोणाला म्हणता खोपट? अहो, या घरात राहायला नशी—"

वैजयंतीबाईंनी त्यांच्या तोंडात अख्खी बट्टी कोंबली. वरणात भिंत पडल्यामुळे बट्टी कोरडीच होती. शेवटची ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत अण्णांना ती गिळता आली नाही.