तात्यांची मागची सीट

शोरूममध्ये गेलेला माणूस आधी मोटारसायकलच्या हँडलला हात घालतो. आमचे कन्हेरी गावातले शेजारी भगवानतात्या थेट मागच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात आणि सेल्समनला म्हणतात, "हं, हाण!"

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढलेले तात्या आता रिटायर आहेत, आणि वर्षभरात आळीतली एकही गाडी त्यांच्याशिवाय ठरलेली नाही. "पुढचा काय, तावात असतोय. गाडी कशी हाय ते मागच्यालाच कळतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी जुनी गाडी ऐन उसाच्या हंगामात बसली. रोज सकाळी बारामतीचं ऑफिस गाठायचं, आणि वाटेत उसाच्या डबल ट्रॉल्या, शाळेच्या बस, एमआयडीसीची सुटलेली पाळी. एका आठवड्यात तीन लेटमार्क लागले आणि साहेबांनी बोलावून घेतलं. चौथा लागायच्या आत गाडी घ्यायची, म्हणजे तात्यांना नेणं आलंच.

मला आवडली होती एक लालभडक, मागची सीट उंच उचललेली. तात्या तिच्यावर चढले, म्हणजे आम्ही चढवले, आणि वरूनच ओरडले, "ही शीट हाय का माळा? उतरीव मला!"

दुसऱ्या गाडीच्या वेळी त्यांनी टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास मागवला आणि तो हातात धरून मागे बसले. पुढे इस्त्रीच्या शर्टातला सेल्समन. भर चौकात ट्रॉलीमागे ब्रेक लागला आणि सगळा चहा त्याच्या पाठीवर. तो बिचारा विव्हळतोय आणि तात्यांचा निकाल तयार, "बाद!"

मी वैतागलो. "अहो तात्या, मी एकटा जाणार. मागं बसणार कोण?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "बसतंय की कुणीबी," एवढंच म्हणाले.

शेवटी त्यांनी पास केली ती एक साधी, काळी, हलकी गाडी. सीट बुटकी आणि सपाट, मागे धरायला भक्कम कडी. पैसे भरताना मी तात्यांना मनातल्या मनात नको नको ते बोललो. पण खरं सांगतो, गर्दीत दोन्ही पाय जमिनीला टेकतात, ट्रॉलीमागे रांगताना क्लचनं हात दुखत नाही. लेटमार्क बंद झाले.

रोज सकाळी तात्या फाट्यावर उभे असत. धुतलेली टोपी, हातात पिशवी. मी लांबूनच हॉर्न द्यायचो. "कशी हाय गाडी?" ते ओरडायचे. "झकास!" म्हणून मी पुढे.

परवा ट्रॉली आडवी आली आणि त्यांच्यासमोरच थांबावं लागलं. मी हात केला. तात्या माझ्याकडेच बघत होते, पण चेहऱ्यावर ओळख नाही.

"कोण हाय?"

"तात्या, मी बाळू!"

"व्हय व्हय. आज हॉर्न न्हाय वाजीवलास, म्हणून."

त्यांच्या अंगणात वर्षभर ताडपत्रीखाली झाकलेली त्यांची स्वतःची गाडी मला आठवली. "तात्या, डोळे?"

"डाक्टरनं गाडी बंद केलीया. येष्टीची पायरीबी दिसत न्हाय नीट." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "काट्यावरला आमचा गुलाब बारामतीत लेकीकडं पडून हाय, लकव्यानं. माझ्याबिगर गडी चहा घेत न्हाय. कुणी थांबलं तर त्याच्या मागं बसून जातो. पर रोज कुणाला म्हणायचं, सोड मला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवस मी त्यांनीच निवडलेली सीट त्यांच्यासमोरून रिकामी नेत होतो.

"बसा," मी म्हणालो.

तात्यांनी पिशवीतून चहाची किटली काढली, छातीशी धरली आणि डोळे मिटले. भर चौकात ब्रेक लागला, तशी मागून आरोळी आली, "बाळू, सांडला न्हाय रं!"

गुलाबरावांच्या जिन्यावर तात्यांना हात धरून चढवलं. आत चहा ओतल्याचा आवाज आला, मग दोन म्हाताऱ्यांचं हसणं. त्या दिवशी लेटमार्क लागला. आता मी पंधरा मिनिटं आधी निघतो. तात्यांना बसायला वेळ लागतो.