लांबमानीची आंघोळ

ओला टॉवेल गादीवर टाकायचा नाही, हे माई आपल्या लेकाला तो चड्डीत होता तेव्हापासून सांगत आल्या होत्या. आता त्याच्या मिशा पिकल्या. लिफ्टची तपासणी करणारा मोठा साहेब झाला तो. त्याची सही झाल्याशिवाय शहरातली माणसं वर जात नाहीत की खाली येत नाहीत! पण टॉवेल? गादीवर!

"स्वतःचे मोजे सापडत नाहीत या बाळला!" माई सूनबाईला ऐकवत होत्या. घरात त्याला अजून बाळच म्हणत. "शर्टाचं माप विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतो. आणि त्या पाली मात्र तोंडपाठ! कुठली कुठल्या बिस्किटांच्या डब्यातून निघाली, कुणाच्या शेपटीचा टवका कधी उडाला, झोपेत विचारा, सांगेल!"

"पाली नव्हेत हो माई, डायनोसॉर आहेत," सूनबाई बाजाराची पिशवी शोधत म्हणाली.

"भिंतीवर चढत नाहीत, एवढाच काय तो फरक!"

मागच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात बाळनं जन्मभर गोळा केलेली जुनी खेळणी होती. रबराचे, प्लॅस्टिकचे, चावी दिली की चालणारे, चावी देऊनही न चालणारे, असे डायनोसॉरच डायनोसॉर! दर रविवारी बाळ पंखा बंद करायचा, श्वास रोखायचा आणि मऊ केसांच्या ब्रशानं एकेकाला असा झटकायचा, की माईंना वाटे, इतक्या हलक्या हातानं यानं कधी बायकोच्या डोळ्यातला कचरा तरी काढला असेल का? त्यांची खरी नावंही त्याला यायची, जिभेला पीळ पाडणारी. माईंनी आपली सोयीची ठेवली होती. दातवाला. शिंगवाला. पाठीवर फळ्या उभ्या केलेला तो फळीवाला. आणि लांबमानी.

लांबमानीबद्दल मात्र माई जपून बोलत. ती बाळच्या वडिलांनी आणलेली. ते मालाचा ट्रक चालवायचे. एकदा लांबच्या बंदरावरून परतले ते एका खिशात लांबमानी आई आणि दुसऱ्या खिशात तिचं पिल्लू घेऊनच. बाळ दोघांना उशीखाली घेऊन झोपायचा. पुढं वडील गेले, घर बदललं आणि त्या हलवाहलवीत पिल्लू हरवलं. पोरानं सगळी खोकी उपसली, रडला, मग गप्प झाला. आणि तेव्हापासून बाजारातून, भंगारातून, ओळखीपाळखीतून पाली जमवत सुटला. ढीगभर मिळाल्या. पिल्लू काही मिळालं नाही.

आणि आज ते येणार होतं!

शेजारच्या शहरात दातांची एक डॉक्टरीण होती, आता दवाखाना बंद करून घरी बसलेली. तिलाही हाच नाद! तिच्याकडे अगदी तसंच पिल्लू होतं. बाळनं किती विनवण्या केल्या, पण बाई हलेना. शेवटी म्हणाली, "आधी तुमचं कपाट बघते. मग ठरवते."

"आई," बाळनं सकाळी बजावलं होतं, "त्या बघणार ते एकच, वस्तू कशा सांभाळल्यात. अगदी जशाच्या तशा हव्यात त्यांना. तेव्हा तू जरा... म्हणजे, तू काही..." आणि पुढचं गिळून तो डॉक्टरीणबाईंना आणायला स्टेशनवर गेला. बाळची अर्धी वाक्यं अशीच पोटात जायची. उगाच नाही त्याचं पोट सुटलं!

सूनबाई बिस्किटं आणायला गेली. घरात उरल्या माई. आणि धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात उरली कपाटाची किल्ली!

माईंनी कपाट उघडलं आणि फळीवाल्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट काळं! शिंगवाल्याच्या शिंगांच्या बुडाशी मळ. दातवाल्याच्या काखेत मळ!

"इतकी वर्षं नुसता ब्रश फिरवतोय!" माई रिकाम्या घराला म्हणाल्या. "पाणी म्हणून दाखवलं नाही या जिवांना! आणि परकी बाई येऊन नाक मुरडणार ती कुणाला बघून? बाळला? छे! घरातल्या बाईला!"

शाळेशी माईंचं फारसं जमलं नव्हतं. अक्षरं त्यांना अजून चकवा द्यायची. पण डाग? माईंना चकवा देणारा डाग अजून जन्माला यायचा होता! शाई, ग्रीस, गंज, काहीही आणा. कोपऱ्यावरचा लॉण्ड्रीवाला मागच्या दारानं येऊन त्यांचा सल्ला घेऊन जायचा आणि पुढच्या दारी स्वतःची फुशारकी मारायचा.

त्यांनी टबात कढत पाणी ओतलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला, कॉलर घासायचा ब्रश उचलला.

"चला रे, एकेक जण या! रडायचं नाही!"

पाणी लगेच हिरवं झालं. मग पिवळं. मग तपकिरी. माईंना असा आनंद झाला म्हणता! "बघा, बघा किती मळ! दातवाल्या, तोंड उघड. काय लालेलाल करून ठेवलंयस! खाल्लं की चूळ भरायची असते, शिकवलं नाही का कुणी?"

चूळ भरून झाली. दातवाल्याचं तोंड पांढरंफटक पडलं. शिंगवाल्याचे डोळे गेले. फळीवाल्याच्या पाठीवरचे पट्टे टबात तरंगत होते. माईंचा हात थांबला. मळाला इतके रंग कसे? आणि मग ब्रश टबात सोडून त्या स्टुलावर बसल्या. मळ नव्हता तो. रंग होता! बाळनं श्वास रोखून जपलेला, जशाचा तसा!

आणि लांबमानी?

तिला तर लाडानं जास्त वेळ भिजत घातलेली! माईंनी घाईनं बाहेर काढली, तर तिची मान एखाद्या उकडलेल्या शेंगेसारखी खाली लोंबली. माईंनी उभी केली. लोंबली. पुन्हा उभी केली, दटावलं, "ताठ राहा!" ती त्यांच्या मनगटावर डोकं टाकून पडून राहिली.

माई हात टेकणाऱ्यातल्या नव्हत्या. हात मोडला तर काय करतात? फळी लावून बांधतात! त्यांनी लाकडी चमचा घेतला, बाळच्या जुन्या बनियनच्या पट्ट्या फाडल्या आणि मान अशी करकचून बांधली की डायनोसॉर कुठला आणि चमचा कुठला हे सांगता येऊ नये. मऊ झालेलं गारठ्यानं घट्ट होतं, एवढं त्यांना कळत होतं. लांबमानी फ्रीजरमध्ये गेली, वाटाण्यांच्या पिशवीशेजारी.

सूनबाई परतली तेव्हा माई जेवणाच्या टेबलाशी बसून दातवाल्याला लिपस्टिक लावत होत्या.

"माई! ही माझी लिपस्टिक!"

"हो. आणि ती तुझी भुवयांची पेन्सिल. जरा टोक कर. याचे डोळे राहिलेत."

"अहो पण हे केलंत काय!"

"विचारू नकोस. बुटाचं पॉलिश आण, तपकिरी. फळीवाल्याला पट्टे मारायचेत."

सूनबाईनं एकदा टबाकडे बघितलं, एकदा सासूकडे. डाग काढणारी सासू रंग लावत बसलीय, हे तिनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पॉलिश आणलं. "पट्टे आडवे होते, माई," ती हळूच म्हणाली. "उभे नव्हते. सरका, मी मारते."

शेवटचा डायनोसॉर कपाटात बसला आणि बेल वाजली!

माईंना वाटलं होतं, येईल कुणीतरी खुळी, गळ्यात पालींची माळ घालून. दारात उभी होती ती त्यांच्याच वयाची, ताठ कण्याची, चष्म्यावरून बघणारी बाई. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन मांजरी कुंपणावर समोरासमोर याव्यात तसं!

"बिस्किटं मागाहून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी कपाट."

बाळनं किल्ली शोधायला खिसा चाचपला, तर कपाट उघडंच! तो गोंधळला. डॉक्टरीणबाईंनी पांढरे हातमोजे चढवले आणि नाक वर केलं. "बुटांच्या दुकानाचा वास येतोय."

"नवीन बूट घेतलेत यांनी," सूनबाई म्हणाली.

बाळनं पायांकडे बघितलं. पायात चपला!

बाईंनी दातवाल्याला उचललं, उजेडात धरलं, जबड्यात डोकावल्या. अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडात बघण्यात गेलेलं. तोंडातलं त्यांच्यापासून काय लपणार! हातमोज्याच्या बोटावर गुलाबी डाग उमटला.

"यानं लिपस्टिक लावली आहे," त्या म्हणाल्या.

बाळनं वाकून दातवाल्याच्या जबड्यात बघितलं.

"आई?" बाळ म्हणाला.

माईंनी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला घेतलं.

"आई, लांबमानी कुठाय?"

"बाहेर गेलीय," सूनबाई म्हणाली. त्याच दमात माई म्हणाल्या, "तिला बरं नाही!"

मग काही लपवण्यात अर्थ राहिला नाही. सगळी वरात स्वयंपाकघरात गेली. बाळनं फ्रीजर उघडला आणि वाटाण्यांशेजारून ते बनियनचं गाठोडं बाहेर काढलं. त्यातून चार पाय आणि एक शेपूट डोकावत होती. बाळ ओरडला असता, भांडला असता तर माईंनी सव्याज उत्तर दिलं असतं. तशी तयारीच केली होती त्यांनी मनाशी. पण तो नुसता स्टुलावर बसला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि शर्टाच्या टोकानं त्यावरचा बर्फ टिपत राहिला. खोकी उपसून उपसून गप्प झालेलं ते पोर तसंच बसलं होतं तेव्हा. अगदी तसंच!

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "मी निघते. माफ करा, पण या घरात मी पिल्लू ठेवू शकत नाही."

माई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा बाई! मला काय म्हणायचं ते म्हणा. त्याला नाही! हा पोरगा या खोलीत पंखा लावत नाही, घाम गाळत बसतो, का? तर यांना धूळ लागू नये. ताप आला तरी रविवार चुकवत नाही. मला हात लावू देत नाही. आज समजलं का ते. धुतलं ते या हातांनी. तुमच्यासमोर त्याची मान खाली जाऊ नये म्हणून धुतलं, आणि बसले सगळ्यांच्या माना खाली घालायला लावून! तेव्हा शिक्षा करायची तर मला करा. ते पिल्लू त्याचं आहे. त्याच्या वडिलांनी आणलेलं."

"आई, ते पिल्लू दुसरं होतं," बाळ पुटपुटला.

"तू गप्प बस! मी बोलतेय ना!"

डॉक्टरीणबाईंनी माईंकडे चष्म्यावरून बघितलं. मग परत आल्या, बाळच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि टेबलावर ठेवून गाठी सोडायला लागल्या. "बांधलंय मात्र घट्ट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हे कुणी शिकवलं?"

"पोरं वाढवली की येतं," माई म्हणाल्या.

शेवटची पट्टी सुटली. चमचा गळून पडला. मान उभी होती! ताठ, घट्ट, डौलदार. फक्त... घाईगर्दीत माईंनी ती पिळवटून बांधली होती. जन्मभर समोर बघणारी लांबमानी आता पूर्ण मागं वळून बघत होती, रस्त्यात कुणीतरी हाक मारल्यासारखी.

"मेलं हे!" माईंनी कपाळाला हात लावला. "तोंड उलटं झालं!"

डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडली. रुमालाची घडी सोडली, त्यातून करंगळीएवढं पिल्लू काढलं आणि लांबमानीच्या मागं, शेपटीशी ठेवलं.

लांबमानी त्याच्याकडेच बघत होती.

बाळनं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. सूनबाईनं उगाच वाटाण्यांची पिशवी उचलून परत फ्रीजरमध्ये ठेवली.

"आता याला उचलून परत कसं न्यायचं?" डॉक्टरीणबाई जरा चिडूनच म्हणाल्या. "राहू दे इथंच. पण एका अटीवर. किल्ली या बाईंच्या हाती लागता कामा नये! आणि ती बिस्किटं आणा आता. भूक लागलीय मला."

बाळनं किल्ली खिशात खोल, अगदी तळाशी खुपसली आणि वर रुमालही कोंबला. मग आईशेजारी येऊन उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "सांग ना. कसं आहे?"

माई वाकल्या. पिल्लाला समोरून बघितलं, मागून बघितलं, नाक जवळ नेलं. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि लेकाकडे वळल्या.

"गोड आहे. आणि तू सांभाळशील, ते आता कळलं मला. टॉवेल गादीवर टाकणं काही तुझं सुटायचं नाही, ते मी सोडून दिलं. पण बाळ, एक सांगते, रागावू नकोस... त्याच्या कानामागं मळ आहे!"