आत्याचं मनगट आणि तिसरा काळ

तुम्हाला म्हणून सांगतो, मनगट पैलवानाचं असो की कारकुनाचं, ते ताळ्यावर आणणारा माणूस अख्ख्या तंजावुरात एकच होता. तो म्हणजे मी! मद्रासच्या इस्पितळात अंगदुखीवरचे व्यायाम शिकून नुकताच परतलो होतो. शेक, मालीश, व्यायाम! दुखणं पळालंच पाहिजे!

पहिली रोगी घरचीच मिळाली. माझी वेंकूआत्या. काय वीणा वाजवायची हो! तिनं तार छेडली की रस्त्यातला गाडीवानसुद्धा बैल थांबवायचा. पण उजवं मनगट वर्षभर दुखत होतं, आणि तिरुवैयारूची आराधना, म्हणजे कावेरीकाठचा गाण्या-वाजवण्याचा मोठा उत्सव, महिन्यावर आली होती. गेल्या वर्षी तिथं तिला अर्ध्यातूनच वीणा खाली ठेवावी लागली. यंदाही तसंच झालं तर पुन्हा वीणेला हात लावणार नाही, म्हणाली. एवढं बोलून ती कापी, म्हणजे आमची कॉफी, प्यायला लागली, पण मला गलबलून आलं.

"आत्या, सोपं आहे! मूठ आवळ, मनगट वर, मनगट खाली, मूठ सोड. सावकाश. सकाळ-संध्याकाळ."

"कुठल्या तालात?"

"ताल कसला? व्यायाम आहे हा!"

"अय्यो! तालाशिवाय हात हलवायला मी काय माशा हाकलतेय?"

मी हसलो आणि निघून गेलो. इथंच चुकलं!

आठवड्यानं येतो तर ओसरीवर ही गर्दी! मधे आत्या, भोवती शिष्यिणी, सगळ्यांची मनगटं वरखाली. शेजारपाजारचे मांडीवर ताल धरून बसलेले. आणि आत्याचं मनगट फुगून इडली झालेलं!

"हे काय? सावकाश म्हणालो होतो ना!"

"केलं की सावकाश! पहिला काळ सावकाश, दुसरा दुप्पट, तिसरा चौपट. पहिल्या धड्यापासून तीन काळांत शिकलोय आम्ही. एकाच काळात केला तर तो अभ्यास कसला रे?"

"आधी थांब!"

"मधेच? आवर्तन पुरं होऊ दे!"

शेवटी मी तिचा हात चक्क फळीला बांधला. झालं! भाजीबाजारात बातमी गेली, वेंकूबाईंचा हात बांधला. देवळापाशी पोचेपर्यंत तो मोडला होता, आणि तिरुवैयारूला पोचेपर्यंत कापला होता! दुसऱ्या दिवशी आराधनेच्या मंडळींतले राममूर्ती रडवं तोंड करून दारात हजर.

"अम्मा, तुमची वेळ दुसऱ्या कुणाला..."

आत्यानं फळीसकट हात उगारला. "कापलेला हात एवढा लांब असतो का हो? माझी वेळ कुणाला देऊन तर बघा!"

राममूर्ती आल्या पावली पळाले. ते गेल्यावर मात्र आत्याचे डोळे भरले. "वाजेल ना रे?" तिनं विचारलं. माझी सगळी मिजास उतरली. ठरवलं, सूज उतरली की रोज समोर बसायचं आणि स्वतः मोजायचं. फक्त पहिला काळ!

"एक... दोन... तीन..." मी मोजायचो. आत्या कपाळाला आठ्या घालून, दात आवळून हात हलवायची. मला वाटे, बिचारीला किती दुखतंय! पण एक दिवस चुकवला नाही हो तिनं. असली जिद्द मी पैलवानांतही पाहिली नाही.

आणि कावेरीकाठी वाजवली तिनं. पूर्ण वाजवली! तिसऱ्या काळात तिची बोटं अशी धावली, की मी चारचौघांत लहान मुलासारखा रडलो.

संपल्यावर लोकांचा गराडा पडला. "अम्मा, हात बरा कसा झाला?"

"या माझ्या भाच्यामुळं!" आत्यानं मला पुढं ओढलं. मी घाईघाईनं डोळे पुसले, कोट सारखा केला.

"रोज समोर बसून मोजायचा," आत्या म्हणाली. "एक आवर्तन धड नाही! हे बेताल मोजणं एकदाचं थांबावं म्हणून मनगट बरं करून टाकलं मी!"