राक्षस थांबते का?

आमच्या गल्लीत वांगी सहाव्या भागाची असतात.

भाजीवाली यमुनाबाई गाडी घेऊन येते ती ओरडतच: "सहाव्या भागाचे वांगे, सहाव्या भागाचे!" बायका पिशव्या घेऊन बाहेर पडतात. एखाद्या दिवशी ती नुसतंच "वांगे, वांगे" ओरडली तर वांगी किडकी आहेत असं समजून कोणी दार उघडत नाही. यमुनाबाईने सहावा भाग पाहिलेला नाही, पहिले पाचही नाहीत. हे भाग कशाचे, असं मी तिला एकदा विचारलं.

"दिगूमामाच्या टीव्हीतले," ती म्हणाली. "जपानचे हाय म्हणते."

माहिती खरी आहे. दिगंबरराव ऊर्फ दिगूमामा हे पांढुर्ण्यातले माझे शेजारी. वय साठीच्या पुढे, अविवाहित. सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होते आणि नोकरीभर बसने येऊन-जाऊन होते. थोरली बहीण शांताताई नवरा गेल्यावर लहान मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली, ती तिथेच राहिली. मुलीचं नाव पल्लवी. तिने शाळेत असताना हट्ट धरून टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन घ्यायला लावलं होतं. पुढे ती नागपूरला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, संसार थाटला. मशीन पांढुर्ण्यात राहिलं. पल्लवीचा मामा म्हणून दिगंबरराव सगळ्या गल्लीचे मामा झाले होतेच. मशीनचे मालकही तेच झाले.

या मशीनवर एका जपानी मालिकेचे नऊ भाग चालतात. गोष्ट दर भागात साधारण तीच असते. चार सोबती गावातून निघतात, वाटेत राक्षस भेटतात, लढता लढता चौघांची ताकद वाढते, शेवटी ते जग वाचवतात. मामांनी जग नऊही भागांत अनेकदा वाचवलं आहे. त्याबद्दल त्यांना विशेष अभिमान नाही. त्यांना रस आहे तो तुलनेत. कोणता भाग किती कठीण, आणि त्या कठीणपणाची आखणी कशी केली आहे, हा त्यांचा अभ्यासाचा विषय आहे.

या अभ्यासाची परिभाषा त्यांनी स्वतः घडवली आहे. मोठ्या राक्षसाला ते 'साहेब' म्हणतात. छोटा साहेब, मोठा साहेब, आणि शेवटी गुहेत लपून बसलेला तो जिल्ह्याचा साहेब. ताकद वाढवण्यासाठी किरकोळ राक्षस पुन्हा पुन्हा मारत फिरावं लागतं, त्याला ते 'निंदण' म्हणतात. "निंदण केल्याबिगर साहेब पडत नाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नात, दवाखान्यात आणि एकदा शोकसभेतही ऐकलं आहे.

एकदा तुलना करायची सवय लागली की ती टीव्हीपुरती राहत नाही. तिसरा भाग काही न सांगता एकदम जीव घेतो, म्हणून गल्लीतला मोकाट सांड तिसरा भाग आहे. सातव्यात बोलणं फार आणि लढाई थोडी, म्हणून वॉर्डातले एक पुढारी सातवा भाग आहेत. आठव्यात वाट एकच, ना डावीकडे वळता येत ना उजवीकडे, म्हणून नवा बायपास आठवा. सहावा सर्वोत्तम. "सहावा कठीण हाय," मामा म्हणतात, "पण सांगून कठीण हाय. पयले नदी दाखोते, मंग पूर आणते."

एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला आपली कसोटी समजावून सांगितली. तिचे तीन प्रश्न आहेत. राक्षस किती मारते? सांगून मारते का? आणि मारायच्या आधी थांबते का?

"थांबते म्हणजे?"

"म्हणजे पाळी असते ना, पत्रकारभाऊ. एकदा आपली, एकदा त्याची. आपण काय करावं हे ठरवत नाई तवरोक राक्षस जागच्या जागी डुलत राहते. तुम्ही जेवून या, तो हाय तिथंच. याले म्हणते डिझाइन."

तिन्ही प्रश्नांत शेवटच्याला ते सर्वांत जास्त गुण देतात. मला हा बारीक तांत्रिक मुद्दा वाटला होता. ते मात्र तो सगळीकडे लावत. गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं डोक्याला पट्ट्या बांधून हिंडत असताना त्यांनी निकाल दिला: "मारते भरपूर, सांगून मारते, पण थांबत नाई. डिझाइन कच्चं हाय." लोधीखेड्याच्या एका स्थळाबद्दल शेजाऱ्यांनी सल्ला विचारला, तेव्हा मुलाची नोकरी, शेती, शिक्षण काही न विचारता मामा म्हणाले, "पोरगा थांबते का?" समोरच्याचं बोलणं पुरं होईस्तोवर तो थांबतो का, असा त्याचा अर्थ होता. मुलगा थांबत नव्हता. स्थळ मोडलं.

गेल्या वर्षी शांताताईंना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्यातून त्या उठल्या, चालू-बोलू लागल्या. उजवा हात मात्र मंद राहिला. चहाचा कप त्या आता डाव्या हाताने देतात आणि त्याविषयी कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

दिवाळीनंतर पल्लवी आली ती नवं मशीन घेऊन. सोबत मालिकेचा दहावा भाग. चित्रं अशी की गवताचं पातं वेगळं दिसावं. "आईचा हात जरा भराभर चालला पाहिजे," ती म्हणाली. "यात बटनं पटापट दाबावी लागतात. तेवढाच व्यायाम." जुनं मशीन ती परत नेणार होती. तिच्या ऑफिसातल्या कोणाला जुनी मशीनं जमवायचा नाद आहे, त्याला तिने शब्द दिला होता.

मामांनी दहावा भाग एक दिवस खेळून पाहिला आणि नापास केला. जुनं मशीन ते हलू देईनात.

"मामा, मशीन माझी आहे."

"होती."

"एका टीव्हीला दोन मशिनी कायले?"

"एका घरात दोन देव राहतेत ना?"

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी रविवार होता, आणि संध्याकाळच्या बसने पल्लवी परत जाणार होती. दुपारी शांताताईंनी मला हाक मारली. मी एका नागपुरी दैनिकाचा पांढुर्ण्याचा वार्ताहर आहे. त्यामुळे मी दोन्ही बाजू ऐकून घेतो, असा गल्लीचा समज आहे. ठरलं ते असं: दोन्ही मशीनं माझ्यासमोर चालवायची, मी तुलना करून निकाल द्यायचा, आणि हरलेलं मशीन नागपूरच्या बसमध्ये बसायचं.

प्रथम दहावा भाग लावला. पल्लवीने सगळ्यात सोपी पातळी निवडली.

"पाहा पत्रकारभाऊ," मामा म्हणाले. "सोपी पातळी! गोटमारीत उशी घेऊन जाऊन राहिलो आपण."

पडद्यावर माळरान दिसलं. शिंगं असलेला एक लांडगा समोरून आला. मामांच्या तलवारवाल्याने त्याला एक वार केला, लांडग्याने एक चावा घेतला, आणि मामांनी हातातलं रिमोट शेजारच्या खुर्चीपुढे धरलं.

"ताई, औषध कोणाले द्यायचं?"

"थांब, चष्मा कुठीं ठेवला व म्या?"

लांडगा थांबला नाही. तो चावत राहिला. मामा हात लांब करून बसून राहिले. पातळी सोपी असल्यामुळे मरायला बराच वेळ लागला. चष्मा सापडून तो पदराने पुसून होईस्तोवर तलवारवाला आडवा झाला होता.

"थांबला का?" मामांनी मला विचारलं. "नाई थांबला. लिहून घ्या."

"अहो मामा, रिमोट द्यायचा नाही दुसऱ्याला!" पल्लवी म्हणाली. "औषध स्वतःच द्या ना!"

"औषध माह्या खात्यात येत नाई. तलवारवाला माहा, वैद्यबाई ताईची. पयल्या भागापासून असंच हाय. दुसऱ्याच्या खात्यात मी हात घालत नाई."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा वार, पुन्हा चावा, पुन्हा लांबवलेला हात. या वेळी शांताताईंच्या हाती रिमोट पोचलं. त्यांचा अंगठा बटनाकडे निघाला. तो पोचायच्या आत लांडग्याने वैद्यबाईलाच खाल्लं.

"मेली व माय!" शांताताई म्हणाल्या. "हे काय खेळणं होय? बोलू बी देत नाई मुडदा!"

"हे मुद्दाम करून राहिले मामा," पल्लवी मला म्हणाली, आणि आईला घेऊन भजी तळायला आत गेली.

बैठकीत मामा आणि मी उरलो. रिमोट त्यांच्या मांडीवर होतं. ते संत्र्यांविषयी बोलू लागले: आंबिया बहाराची फळगळ यंदा जास्त आहे, सौंसरकडच्या बागांत तर झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही. बोलताना त्यांची बोटं आपोआप चालत होती. लांडगा मेला. त्याच्या मागून आलेला कळपही मेला. टेकडीमागून छोटा साहेब निघाला, डोंगराएवढा, आगीचे लोळ सोडत. मामांनी "फवारा वेळेवर मारला पायजे" असं म्हणता म्हणता त्याला चुकवलं, वैद्यबाईकडून स्वतःच औषध घेतलं, आणि साहेबाला पाडलं. हे सगळं एका हाताने. दुसऱ्या हाताने ते मला फळाचा आकार दाखवत होते.

आतून बांगड्या वाजल्या. मामांनी तलवारवाल्याला शांतपणे चालवत नेऊन दरीत टाकला.

"पाहा," ते जरा मोठ्याने म्हणाले. "पुन्हा मेलो."

मी दाराकडे पाहिलं. भज्यांची ताटली घेऊन पल्लवी उंबऱ्यात उभी होती. ती केव्हापासून उभी होती, ते सांगता येत नाही. ताटली ठेवून तिने स्वतःच वाकून नव्या मशीनची वायर काढली आणि जुन्याची लावली.

शांताताई येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या आणि सहावा भाग सुरू झाला. चित्रं ओबडधोबड, झाडं चौकोनी. नदीकाठी एक ढेरपोट्या साहेब समोर आला. मामांनी तलवारवाल्याला हुकूम दिला, वार झाला, साहेबाने शेपटी मारून दोघांना लोळवलं. मग पाळी वैद्यबाईची आली.

मामांनी रिमोट शांताताईंना दिलं. शांताताईंनी ते डाव्या हाताने मांडीवर टेकवलं आणि उजवा हात त्यावर आणला. अंगठा निघाला. वाटेत थांबला. पुन्हा निघाला. पडद्यावर साहेब डुलत राहिला, उजवीकडे, डावीकडे, घाई नसलेल्या माणसासारखा.

मामा उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागले. समोरच्याने भिंत रस्त्यात किती पुढे आणली आहे, त्यावर त्यांनी सविस्तर माहिती दिली. भिंतीत नवं काही नव्हतं. त्यांनी वळून मात्र पाहिलं नाही.

पल्लवी आईच्या शेजारी बसली होती. तिचा हात आईच्या अंगठ्याकडे जाऊ लागला.

"पल्लवी," मामा खिडकीतूनच म्हणाले, "चहाचं पाह्य बरं. उतू जाऊन राहिला असंल."

चहा अजून ठेवलाही नव्हता. पल्लवीने हात मागे घेतला.

अंगठा पोचला. बटन दबलं. औषध पडलेल्या दोघांपैकी कोणालाच न जाता चौथ्याला, चांगल्या धडधाकट गड्याला मिळालं.

"अवं, जादूवाल्याले गेलं!" शांताताई हळहळल्या. "त्याले कायले पायजे होतं?"

"बरं झालं," मामा म्हणाले. "त्याची तब्येत परवापासून ठीक दिसत नव्हती मले."

पल्लवीने फोन काढला आणि माझ्या देखतच ऑफिसातल्या त्या गृहस्थांना लावला. "सॉरी हं, मशीन बिघडली आहे. हो. सुरूच होत नाही."

मामा गर्रकन वळले. "बिघडली? कोण म्हणते बिघडली? टकाटक हाय! दे तो फोन इकडं, मी सांगतो त्याले!"

"दिग्या, चूप बस," शांताताई म्हणाल्या.

काय झालं ते उमगेपर्यंत मामा तसेच उभे राहिले. पल्लवी नव्या मशीनची वायर गुंडाळत होती, अगदी नीट, एकेक वेढा सारखा करत. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागले. काच स्वच्छ असावी, कारण दुपारी मी आल्या आल्या त्यांनी ती माझ्यासमोरच पुसली होती.

"दिग्या," शांताताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुही पाळी आली."

"आलो."

"ये सावकाश. साहेब थांबला हाय."

मामा बराच वेळ चष्मा पुसत होते. साहेब डुलत राहिला.