गर्जेच्या काठाच्या खिडक्या

आमच्या ऑफिसातला गर्जे कॉम्प्युटरवरची कुठलीही खिडकी आहे तशी राहू देत नाही. नगरमधली आमची छोटी कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी जावामध्ये प्रोग्रॅम बनवते. जावाची खिडकी उघडली की राखाडी, चौकोनी, वर एक पट्टी आणि कोपऱ्यात बंद करायची फुली. सगळ्या जगाला ती चालते, गर्जेला चालत नाही. "उघडीबोडकी खिडकी गिऱ्हाइकापुढं न्हाई न्यायची, सर," म्हणत तो आधी तिची चौकट काढून फेकतो आणि स्वतः रंगवलेली नवी बसवतो.

त्याने रंगवावं आणि फोन मी घ्यावेत, अशी आमची कामाची वाटणी आहे. चौकट काढली की खिडकी इकडेतिकडे सरकवायची सोयही जाते, ती पुन्हा लिहावी लागते. एकदा कोपरे गोल करण्याच्या नादात गर्जे तेच विसरला. भल्या सकाळी कर्जतहून फोन. "साहेब, खिडकी मधीच बसलीय, हालंना. बंद करावी तर फुलीच न्हाई!"

गर्जेला विचारलं, तर म्हणतो, "फुली लई वंगाळ दिसत हुती. आन् दूध घेऊन झाल्याबिगर बंद करायचीच कशाला?"

मी कपाळाला हात लावला. असे फोन इतके येतात की हात तिथेच ठेवलेला बरा.

मग त्याने खिडक्यांना साडीसारखे काठ लावले. गाईच्या दुधाची खिडकी हिरव्या काठाची, म्हशीच्या दुधाची लाल. कंपनीच्या मालकांचं डोकंच फिरलं. सगळीकडे साधी खिडकी बसवा, म्हणाले. गर्जे माझ्या टेबलाशी आला. "बाकी समदं काढा, सर. काठ तेवढा राहू द्या." का, विचारलं तर मान खाली घालून चष्मा पुसत बसला. मला कंटाळा आला होता. साधी खिडकी भरलेला पेन ड्राइव्ह खिशात टाकून मी केंद्रं पालथी घालायला निघालो.

पाथर्डीकडच्या त्याच्या गावी पोचलो तेव्हा संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. आकडे टाकायला बसलेली बाई चक्क गर्जेची आई निघाली. मला हे ठाऊकच नव्हतं. मी साधी खिडकी चढवली आणि जरा वेळाने रांगेतून ओरडा आला, "मावशे, माझी म्हैस हाय! गाईत काय टाकतीस?"

पुढच्यालाही तेच झालं. बाई उठल्या.

"मला आकडं येत्यात बाबा, अक्षर न्हाई येत. हिरव्या काठाची गाईची, लाल काठाची म्हशीची, एवढंच कळतं. माझ्याच लुगड्यांचं काठ हायेत ते. पोरानं फोटू काढून नेलं हुतं." मग चपला शोधत म्हणाल्या, "हे न्हाई जमायचं आता. टोळीचा मुकादम आल्ता सकाळी, उद्या पुन्यांदा येनार हाय. जाते परत ऊसतोडीला."

मला फार वाईट वाटलं. रागही आला. खिडक्यांवर दिवसभर बोलणारा हा माणूस घराबद्दल एक अक्षर काढत नाही. मी बाईंना बसवलं, जुन्या खिडक्या परत चढवल्या आणि रांग पुढे सरकू लागली. मग बाहेर येऊन गर्जेला फोन लावला.

"काठ ठेवलेत. मालकांशी मी बोलतो."

 

"सर," गर्जेने विचारलं, "मुकादम आल्ता का वो घरी?"

"आला होता," मी म्हणालो. "उद्या रिकामा जाईल."